पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज मिळवायचं कसं?

ठाण्यात मारहाण झाली, विनाकारण रात्रभर बसवून ठेवलं, की लोक सांगतात, ‘माहिती अधिकार टाका.’ हा सल्ला अर्धवट आहे. त्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. तोवर जुन्या फुटेजवर नवं चढलेलं असू शकतं. आधी फुटेज जपायला लावा, मग मागा.

जपणुकीचं पत्र त्याच दिवशी द्या, फार तर दुसऱ्या दिवशी. माझे सुरुवातीचे अर्ज इथेच अडायचे. ‘रेकॉर्डिंग उपलब्ध नाही’ एवढी एक ओळ यायची आणि विषय संपायचा. पत्र ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना. परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या निकालाचा उल्लेख त्यात हवाच. फुटेज 18 महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचं, आणि कॅमेरे व बॅकअपची जबाबदारी प्रभारी अधिकाऱ्याची, असं त्यात स्पष्ट आहे.

‘त्या दिवसाचं फुटेज’ असं मोघम कधीही लिहू नका. ‘सायंकाळी 6.40 ते रात्री 9.15, मुख्य प्रवेशद्वार, लॉकअप, बाहेरचा पॅसेज, निरीक्षकांची खोली, आवाजासह’ असं लिहा. आवाजाचं रेकॉर्डिंगही निकालानं सक्तीचं केलंय. वेळ पक्की आठवत नसेल तर मागेपुढे तासभर जास्त धरा. आरोप आणि संताप यात नको, त्यासाठी वेगळी तक्रार करा. आवक शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर हुज्जत घालू नका. सरळ पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा, तोच मजकूर ईमेलनेही पाठवा.

मग माहिती अधिकाराचा अर्ज: जोडपत्र ‘अ’ हा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माणूस अजून कोठडीत असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(1) चा आधार घेऊन 48 तासांत माहिती मागा. गंभीर दुखापत असेल तर मानवी हक्क आयोगाकडेही लगेच जा. आयोग फुटेज मागवू शकतो.

‘तपास सुरू आहे’ म्हणून कलम 8(1)(ज) खाली नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2007 मध्ये भगत सिंग प्रकरणात म्हटलंय. इतरांचे चेहरे दिसतात ही सबबही चालू देऊ नका. कलम 10 प्रमाणे तेवढा भाग झाकून बाकीचं देता येतं.

आणि ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर दुसरा अर्ज टाका. बिघाड लगेच जिल्हास्तरीय देखरेख समितीला कळवणं प्रभारी अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्या पत्राची तारखेसह प्रत मागा.