अंडरलिव्हर एअर रायफल १० मीटरच्या निशाण्यासाठी कशी जुळवावी

अंडरलिव्हर स्प्रिंग रायफलचे (नळीखालचा लिव्हर ओढून स्प्रिंग दाबायची एअर रायफल) छर्रे कागदावर एका जागी पडेनात, की लोक आधी जड स्प्रिंग शोधतात, नाहीतर दुर्बीण चढवतात. दोन्ही उलटं आहे. १० मीटरला ताकद लागत नाही. स्पर्धेच्या रायफली अर्ध्या ग्रॅमच्या छर्‍याला सेकंदाला १७०-१७५ मीटर एवढाच वेग देतात, म्हणजे साधारण ८ जूल. स्प्रिंग जड झाली की झटका वाढतो, आणि छर्रा नळीत असतानाच तो झटका बसतो. शिवाय ४.५ मि.मी. बोअर आणि २० जूलच्या आतली एअर रायफलच विनापरवाना ठेवता येते. तेव्हा स्प्रिंग-पिस्टनला हात लावू नका. बाकीची कामं खालच्या क्रमानेच करा, म्हणजे कशाने काय सुधारलं ते कळेल.

त्याआधी जागा. फायरिंग लाइनपासून कागदापर्यंत १० मीटर टेपने मोजा. कागदाचं केंद्र जमिनीपासून १४० सें.मी. उंच हवं. मागे ३-४ मि.मी. जाडीची लोखंडी पत्री खाली झुकवून पेटीत बसवा आणि पेटीत जुन्या जीन्सच्या घड्या भरा. सरळ उभ्या पत्र्यावरून छर्रा उसळून परत येतो. चष्मा घाला. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नेमबाजीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि छर्रा भरताना लिव्हर दुसर्‍या हाताने घट्ट धरून ठेवा. पकड निसटली तर कॉम्प्रेशन ट्यूब (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) पुढे येऊन बोट चिरडते. लहान मुलांना हे रोज सांगावं लागतं, सांगाच.

पहिलं काम स्क्रूंचं. स्टॉकला (रायफलच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्याला) पुढे दोन आणि ट्रिगर गार्डजवळ एक-दोन स्क्रू असतात. स्प्रिंग रायफलचा झटका आधी मागे, मग पुढे असा दुहेरी असतो, त्याने ते ढिले होतात आणि ग्रुप (कागदावरचा छर्‍यांचा पुंजका) कारण नसताना सरकतो. सगळे काढा, आटे पेट्रोलने पुसून वाळू द्या, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब लावा आणि डावा-उजवा असे आळीपाळीने थोडेथोडे आवळा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसणारंच घ्या, नाहीतर खाच झिजते. लाकडी स्टॉक असेल तर आपल्याकडे जास्त लक्ष हवं. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, जत-आटपाडीच्या उन्हात आकसतं. ऋतू बदलला की स्क्रू पुन्हा तपासा. स्क्रूच्या डोक्याखाली लाकूड दबलेलं दिसलं तर तिथे पितळी कप वॉशर बसवा.

मग छर्रे. कागदासाठी चपट्या तोंडाचे, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे घ्या. त्यांचं भोक गोल आणि स्वच्छ पडतं, गुण मोजताना वाद होत नाही. गोल तोंडाचे छर्रे कागद फाडतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ मि.मी. असे तीन मापांचे डबे आणा आणि प्रत्येकाचे पाच-पाच छर्‍यांचे तीन ग्रुप मारा. रायफल वाळूच्या पिशवीवर थेट ठेवू नका; उसळी बदलते आणि चांगला छर्राही वाईट ठरतो. तळहात पिशवीवर आणि रायफल तळहातावर, तीही सैल. हात दर वेळी एकाच जागी यावा म्हणून स्टॉकवर टेपची खूण करा. पाच छर्‍यांचं भोक बाहेरच्या कडांमध्ये ९ मि.मी.त बसलं तर स्प्रिंग रायफलसाठी उत्तम समजा. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मि.मी.चा असला, तरी नऊचं वर्तुळ ५.५ मि.मी.चं आहे.

धूर आणि फटाक्यासारखा आवाज आला तर चेंबरमध्ये तेल गेलंय. तो स्फोट सील खातो आणि वेग बिघडवतो. गंजासाठीचे स्प्रे नळीत मारू नका. नळी फेल्टच्या गोळ्यांनी कोरडी पुसा, मग पाच-दहा छर्रे मारल्यावरच ग्रुपवर विश्वास ठेवा.

स्टॉक अंगाला बसवण्यात सगळ्यात जास्त वेळ घाला, गुण तिथेच मिळतात. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. नजर मागच्या साइटच्या मधोमध आली पाहिजे. मान दाबावी लागत असेल तर गालपट्टी उंच आहे. नजर साइटच्या खाली राहत असेल तर ती कमी पडते. ३ मि.मी.च्या ईव्हीए शीटचे (मऊ फोमचे) थर टेपने चिकटवत जा. आठवडाभर एकच उंची टिकली, की तेवढ्याच मापाची लाकडी पट्टी सुताराकडून घडवून घ्या. लांबीही अशीच, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि स्टॉकच्या मध्ये चकत्या घालून ठरवा. तोंड जड हवं असेल तर टायरवाल्याकडची बॅलन्सिंगची वजनं पुढच्या स्टॉकखाली पक्की चिकटवा. एकूण वजन ५.५ किलोच्या वर जाऊ देऊ नका, ती स्पर्धेची मर्यादा आहे.

आता साइट. १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, आणि आपल्याकडे ओपन साइट व पीप साइट (बारीक छिद्रातून बघायची मागची साइट) असे वेगळे गट असतात. आधी गट ठरवा, मग खर्च करा. अंडरलिव्हरची नळी स्थिर असल्याने रिसीव्हरच्या ११ मि.मी. रेलवर बसवलेली पीप साइट नळीशी जुळलेली राहते. पीपचं छिद्र १.१ मि.मी.च्या आसपास, डोळ्यापासून ५ ते ८ सें.मी. दूर. पुढच्या साइटमध्ये ३.८ ते ४.२ मि.मी.ची रिंग. रिंगमध्ये निशाण्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे. रिंग घट्ट घेतली तर काळं मधोमध आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही.

इथे हमखास एक अडचण येते. पीप साइट पार खाली आणली तरी छर्रे वरच लागतात, कारण मागची साइट उंच आणि मूळची पुढची बुटकी. पुढची किती उचलायची हे काढता येतं: दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले १०,००० मि.मी. साइटमध्ये ७०० मि.मी. आणि छर्रे ४० मि.मी. वर, तर २.८ मि.मी. उचला. तेवढी पट्टी कुपवाडच्या एमआयडीसीतला लेथवाला किंवा मिलिंगवाला करून देईल. नळीला भोक किंवा वेल्डिंग मात्र करू देऊ नका.

ट्रिगर शेवटी. फक्त कंपनीने दिलेला ॲडजस्टमेंट स्क्रू पाव-पाव फेर्‍याने फिरवा. सिअर (पिस्टन अडवून धरणारा ट्रिगरमधला भाग) घासू नका. बॅग तोलायचा डिजिटल काटा ट्रिगरला अडकवून मागे ओढा आणि सुटताना आकडा वाचा. ५०० ते ७०० ग्रॅम ठीक, त्याखाली जाऊ नका. स्प्रिंग रायफल रिकामी मारली की पिस्टन आदळतो, म्हणून मोजताना छर्रा भरलेला आणि नळी पेटीकडे. प्रत्येक बदलानंतर तसंच भरून, ट्रिगरपासून बोट दूर ठेवून, बटप्लेटवर तळहाताने चार-पाच जोरदार थापा मारा. एकदा जरी सुटली तरी स्क्रू अर्धा फेरा उलट दिशेने, ट्रिगर जड होईल असा फिरवा आणि चाचणी पहिल्यापासून करा.