पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस २०२७: नोंदणी, व्हिसा आणि खोक्यातली सायकल

पॅरिसजवळच्या रांबुईये गावातून सायकलवर निघायचे, अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टला जायचे आणि परत यायचे. २०२३ साली हे अंतर १,२१९ किलोमीटर भरले होते आणि चढाई साधारण १२,००० मीटर. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, म्हणजे पीबीपी, आता शर्यत राहिलेली नाही. ओदॅक्स क्लब पारिझियां म्हणजेच एसीपी ती दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये भरवते आणि पुढची फेरी २०२७ मध्ये आहे. सायकल कशी मारायची हे इथे सांगायचे नाही. कागद, पैसे, तिकिटे आणि खोके यांची साखळी कशी जुळवायची तेवढेच पाहू, कारण तयारीच्या पायांचे लोक या साखळीतली एक कडी निसटल्यामुळे घरी बसतात.

आदल्या वर्षापासून सुरुवात

पीबीपीला पात्र व्हायला त्या हंगामात एसआर (सुपर रँडोनर) लागते, म्हणजे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चार बीआरएम (एसीपीची मान्यता असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) ठरलेल्या वेळेत: अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तास. हे बहुतेकांना ठाऊक असते. निसटते ते वेगळेच. पूर्वनोंदणीत कोणाचा नंबर आधी लागणार हे आदल्या वर्षी केलेल्या सर्वांत लांब बीआरएमवर ठरते. आदल्या वर्षी हजार किंवा त्याहून जास्त किलोमीटर केलेल्यांना नोंदणीची खिडकी सर्वांत आधी उघडते. मग ६०० वाले, मग ४००, ३०० आणि शेवटी २००. म्हणजे २०२७ च्या नोंदणीसाठी २०२६ मधली कामगिरी मोजायची. २०२६ मध्ये एखादी २०० करून थांबलेला माणूस २०२७ मध्ये कितीही तगडा झाला तरी तो रांगेच्या शेवटीच उभा राहतो. २०२६ मध्ये निदान एक ६०० पदरात पाडून घ्या.

एसआरचे वेळापत्रक आपल्या हवामानाप्रमाणे आखावे. बीआरएमचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. पात्रतेसाठी कोणत्या तारखेपासूनच्या आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या बीआरएम धरल्या जातील हे त्या वर्षीच्या नियमावलीत पाहून मगच क्लबचे कॅलेंडर समोर घ्या. शेवटची तारीख जुलैच्या आसपास असली तरी महाराष्ट्रात ती कागदावरच राहते. एप्रिल-मेच्या उन्हात मराठवाड्यातून किंवा विदर्भातून ६०० काढणे म्हणजे दुपारी बाराला डांबरावर बसण्यासारखे आहे, आणि जूनमध्ये पाऊस येतो. चारही बीआरएम फेब्रुवारीअखेर संपतील असे बघा, म्हणजे ६०० हुकली तर मार्चमध्ये पुन्हा संधी राहते. लहान अंतराच्या जागी मोठ्या अंतराची बीआरएम चालते. ३०० बुडाली आणि जवळपास ती पुन्हा नसली, तर जास्तीची ४०० तिची जागा भरून काढते.

प्रत्येक बीआरएमनंतर ब्रेव्हे कार्डाचे, म्हणजे वाटेतल्या नियंत्रण केंद्रांवर शिक्के घ्यायच्या कार्डाचे, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. भारतात बीआरएम भरवणाऱ्या ऑडॅक्स इंडियाच्या क्लबांकडून निकाल एसीपीकडे जातो आणि मग होमोलोगेशन, म्हणजे अधिकृत मान्यतेचा, क्रमांक मिळतो. याला आठवडे लागू शकतात. अंतिम नोंदणीत हेच क्रमांक लागतात, म्हणून निकालात आपले नाव आले का, अंतर बरोबर आहे का हे लगेच तपासा. जूनमध्ये चूक लक्षात आली तर क्लबचा स्वयंसेवक आणि तुम्ही दोघेही हैराण होता.

पूर्वनोंदणी

जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने खिडक्या उघडतात. फ्रान्सची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथली मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेचार, हे गजर लावताना ध्यानात ठेवा.

त्याआधी दोन गोष्टी करून ठेवा. पहिली बँकेच्या कार्डाची. भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करायचे, मर्यादा वाढवायची आणि एखाद्या परदेशी संकेतस्थळावर छोटी रक्कम भरून पाहायची. पहाटे ओटीपीची वाट पाहताना पान कालबाह्य होणे ही या नोंदणीतली सर्वांत सामान्य गडबड आहे. शक्यतो दुसऱ्या बँकेचे एक कार्डही हाताशी असू द्या.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती खास आपली. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेक मराठी माणसांचे स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकत्र असते, आडनाव वेगळे. बीआरएमच्या नोंदणीत मात्र आपण सवयीने नाव आणि आडनाव एवढेच टाकतो, कधी आडनाव आधी. मग ब्रेव्हे निकाल, पीबीपीची नोंदणी, विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांवर चार वेगवेगळी माणसे दिसतात. पासपोर्ट समोर ठेवून त्यातले स्पेलिंग जसेच्या तसे सगळीकडे वापरा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी तर २०२६ च्या पहिल्या बीआरएमपासूनच हे सांभाळावे.

याच वेळी सुटण्याचा गटही निवडायचा असतो. तीन मर्यादा आहेत: ८०, ८४ आणि ९० तास. ८० वाले रविवारी दुपारी निघतात, ते वेगवानांचे काम. ९० वाले रविवारी संध्याकाळी, ठरावीक मिनिटांच्या अंतराने लहान गटांत सुटतात. ८४ वाले सोमवारी पहाटे पाचला. बहुतेक जण डोळे झाकून ९० घेतात, आणि त्यांतले लवकरचे गट आधी संपतात. पण दिवसभर जागून रात्री आठला निघणे सोपे नसते, पहिली झोप येईपर्यंत माणूस दीड दिवस जागा असतो. ज्याला रात्रभर सायकल चालवून दुसऱ्या दिवशी गुंगी येते, त्याने ८४ चा विचार जरूर करावा: सहा तास कमी, पण आदली रात्र पूर्ण झोपेची.

व्हिसा

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि निदान १५ दिवस आधी करायचा असतो. म्हणजे ऑगस्टसाठी फेब्रुवारी उजाडेपर्यंत काही करता येत नाही. आणि मे ते जुलैमध्ये युरोपला जाणाऱ्या सगळ्या कुटुंबांची गर्दी असते, अपॉइंटमेंटच मिळत नाही. योग्य काळ मार्चअखेर ते एप्रिल. फेब्रुवारीत एसआर संपवा म्हटले त्यामागे हेही गणित आहे: पात्र झालो हे माहीत असलेल्या माणसालाच परत न मिळणारे पैसे भरण्याची हिंमत होते.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा. सोबत बँकेची विवरणपत्रे, आयकर विवरण, नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र, विमान व मुक्कामाचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. व्हिसाचे शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो आहे, केंद्राचा सेवाखर्च वेगळा. फ्रान्ससाठीचे अर्ज मुंबईत आणि पुण्यातही स्वीकारले जातात.

अर्ज साध्या पर्यटनाच्या गटात करा. पीबीपीत बक्षिसाची रक्कम नसते. पण जाण्याचे कारण लपवूही नका: पूर्वनोंदणीचा ईमेल आणि अर्ध्या पानाचे पत्र जोडा, त्यात कार्यक्रमाचे नाव, तारखा, राहण्याचे ठिकाण आणि खर्च कोण करणार हे लिहा. मुक्कामाच्या आरक्षणात चार रात्रींची पोकळी दिसते, कारण त्या रात्री तुम्ही रस्त्यावर असता. पत्रात याचा खुलासा नसला तर प्रश्न येतो. सोपा उपाय असा की रांबुईयेतली खोली त्या चारही रात्री स्वतःकडेच ठेवायची. खर्च वाढतो, पण सायकलचे खोके आणि बॅगाही तिथेच राहतात.

विम्याच्या कागदात बारीक अक्षरे वाचा. स्वस्त प्रवासविम्यात स्पर्धा आणि साहसी खेळ वगळलेले असतात. हौशी सायकलिंग धरले आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

तिकीट आणि मुक्काम

बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचा. सायकल-तपासणी आणि कागदपत्रांचे वाटप सुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उरकायचे असते, आणि खोके मागच्या विमानाने आले तर एक दिवस हातात हवा. परतीचे गणित असे: रविवारी रात्री आठला निघालेल्या ९० वाल्याची वेळ गुरुवारी दुपारी दोनला संपते. गुरुवारी रात्री झोप, शुक्रवारी सायकल बांधणे, शनिवारचे विमान. शुक्रवारचे तिकीट स्वस्त दिसले तरी घेऊ नका. सुजलेल्या बोटांनी पेडल सोडवताना ते महाग पडते.

मुंबई ते पॅरिस प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटे जोडली की मधल्या विमानतळावर खोके उचलून पुन्हा द्यावे लागते, आणि त्यासाठी त्या देशात शिरावे लागले तर तिथला व्हिसाही.

रांबुईयेत हॉटेल थोडी आहेत आणि ती फार लवकर भरतात. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सुटणारी एन मार्गाची लोकल रांबुईयेला जाते. व्हर्साय, सां-कांतां आणि त्राप ही ठिकाणे त्याच मार्गावर आहेत, तिथे खोली घेतली तरी चालते. मात्र रविवारी रात्री सुटताना आणि गुरुवारी परतताना गाडी आहे ना, हे पाहा. शार्ल द गोल विमानतळावरून लोकल आणि मेट्रो बदलत मोंपार्नासला जाणे स्वस्त आहे, पण मोठे खोके घेऊन मेट्रोच्या पायऱ्या चढणे हा वेगळाच घाट आहे. चार-पाच जणांनी मिळून मोठी गाडी आधीच ठरवावी.

सायकल बांधणे

सायकलच्या दुकानातून नवीन सायकलचे पुठ्ठ्याचे खोके मागून घ्या, साधारण १४० × ७५ × २० सेंमी. विमान कंपनीला खेळाचे साहित्य म्हणून आधीच कळवा आणि उत्तराचा ईमेल छापून ठेवा, कारण काउंटरवरच्या माणसाला हा नियम नेहमी माहीत असतोच असे नाही. साधारण मर्यादा २३ किलो असते. सायकल ११, खोके ३ ते ४, उरलेल्यात हेल्मेट आणि कपडे बसतात.

१. सीटपोस्ट आणि हँडलबारच्या जागेवर चिकटपट्टीने खूण करा, मग काढा.
२. पेडल काढा. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या मागच्या दिशेने ओढला की दोन्ही पेडल सुटतात, एवढे लक्षात ठेवा.
३. मागचे डिरेल्युअर हँगरपासून (फ्रेमच्या ज्या पट्टीला ते लटकते तिच्यापासून) सोडवून बबलरॅपमध्ये गुंडाळा आणि मागच्या त्रिकोणाच्या आत बांधा. वाकलेला हँगर ही प्रवासातली सर्वांत सामान्य मोडतोड. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि ऑगस्टमध्ये फ्रान्समधली निम्मी दुकाने सुट्टीवर, म्हणून एक जास्तीचा सोबत ठेवाच.
४. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला. तो नसताना ब्रेक दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात.
५. फोर्कच्या टोकांमध्ये आडवा टेकू द्या, किंवा थ्रू-ॲक्सल (चाकाचा आरपार दांडा) परत त्यात बसवा. खोके आडवे पडले की फोर्कच आधी चेपतो.
६. टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका.
७. सगळे स्क्रू एका पिशवीत, पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्यात जास्तीची चिकटपट्टी ठेवा, सुरक्षा तपासणीत खोके उघडले जाते.

टायर फुगवायची सीओटू काडतुसे आणि साखळीचा स्प्रे घरीच ठेवा, हातपंप पुरेसा आहे. पॉवर बँक आणि दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, २०,००० एमएएचची बँक साधारण ७४ भरते.

महागडी सायकल असेल तर जाताना मुंबई विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. फ्रेम क्रमांक आणि बिल दाखवावे लागते, म्हणून खोके जमा करण्यापूर्वी आणि तासभर आधी. परतताना 'ही परदेशात विकत घेतली का' या प्रश्नाला तेच उत्तर असते.

रांबुईयेत

सायकल-तपासणीची वेळ आधी निवडलेली असते. पुढचा-मागचा दिवा, ब्रेक आणि परावर्तक जॅकेट पाहतात. जॅकेट युरोपीय मानकाचा शिक्का असलेले हवे, रस्त्यावरच्या कामगारांचे साधे जाळीचे नको. मग ब्रेव्हे कार्ड, फ्रेमला लावायचा क्रमांक आणि घोट्याला बांधायची चिप मिळते. चिप हॉटेलात परत न्यायच्या वस्तूंमध्ये सहज मिसळून जाते, सांभाळा.

जास्तीच्या कपड्यांची पिशवी पुढे पाठवायची असेल तर ती खासगी सहल कंपन्यांमार्फत, आणि बहुधा वाटेतल्या लुदेआकला. २०२३ मध्ये हे ठिकाण जाताना ४३५ आणि येताना ७८२ किलोमीटरवर होते. पिशवीत लोकरीचा थर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे असू द्या. ब्रेस्टकडच्या ब्रेतान्यात ऑगस्टच्या पहाटे पारा एक आकडी होऊ शकतो. सोबत कोणी गाडी घेऊन येणार असेल, तर ती फक्त नियंत्रण केंद्रांवरच मदत करू शकते. मधल्या रस्त्यावर बाटली हातात दिली तरी दंड होतो.

सुटण्यापूर्वी शनिवारी सायकल जोडून निदान २० किलोमीटर चालवा, उजव्या बाजूने. गोल चौकात डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते. खोके टाकून देऊ नका, हॉटेलवाल्याला विचारून तळघरात ठेवा, त्यावर नाव आणि परतीचा दिवस फ्रेंचमध्ये लिहून. नाहीतर गुरुवारी ते कचऱ्यात गेलेले असते आणि शुक्रवारी पुठ्ठा शोधत फिरावे लागते.