भेटीचा आदेश होता, भेट होत नव्हती: काय बदललं

आई-वडील वेगळे राहतात: मूल कर्नाटकातल्या निपाणीला आईकडे, वडील कोल्हापुरात. वडिलांनी मुलाला भेटण्याबद्दल कोर्टाच्या आदेशात एवढंच: ‘महिन्यातून दोनदा भेट’. वार नाही, वेळ नाही, जागा नाही. मग दर वेळी नवा वाद. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज देऊन हाच मजकूर नेमका करून घेतला: पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५, निपाणी बसस्थानकाची चौकशी खिडकी, मुलाला कोण आणणार, आणि आजारपणामुळे भेट चुकली तर पुढचाच रविवार.

रोजचा फोनही मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू निकालात, ताबा नसलेल्या पालकाला रोज ५-१० मिनिटं बोलता यावं असं म्हटलंय. आम्ही साडेसातची वेळ धरली. जेवणानंतर लेकरू पेंगतं.

आदेश कन्नडमध्ये असेल तर वकिलाकडून ओळ न ओळ मराठीत समजून घ्या. बाईमाणसाला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, तिथे मोफत वकील मिळतो आणि बायकांना उत्पन्नाची अट नाही.

पिशवीत औषध, गृहपाठाची वही आणि रोजची गोधडी हवीच. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. दोन्ही बाबी वेगळ्या, आणि त्यात पोरगंच भरडतं.