‘प्रत्येकी’ कुठे, ‘दर’ कुठे? वाटणीचे शब्द नेमके वापरताना

तान्हा पोळा म्हणजे मुलांनी लाकडी नंदी सजवून आणायचा विदर्भातला सण. त्याच्या आधी ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, फलक लागतो : ‘मुलांना बोजारा म्हणून दोन वह्या मिळतील.’ बोजारा म्हणजे नंदी आणणाऱ्या मुलांना दिली जाणारी भेट. नंदी घेऊन ४० मुले आली तर वह्या किती आणायच्या? लिहिणाऱ्याच्या मनात ८० आहेत, वाक्यात मात्र त्याचा पत्ता नाही. ‘मुलांना प्रत्येकी दोन वह्या’ लिहा, हिशेब मिटला.

‘प्रत्येकी’ आकड्याच्या लगेच आधी येते, त्याला विभक्ती लागत नाही आणि घेणारे अनेकवचनात राहतात. ‘प्रत्येक’ हे विशेषण. त्याच्यापुढचे नाम एकवचनीच : ‘प्रत्येक मुलाने आपला नंदी सजवून आणावा.’ डोळ्यांसमोर घोळका असतो म्हणून हात ‘प्रत्येक मुलांनी’ लिहून जातो, ते चूक. ‘प्रत्येक मुलाला प्रत्येकी दोन’ यात एकच वाटणी दोनदा झाली, एक शब्द काढा. ‘प्रत्येकीला’ मात्र वेगळे : प्रत्येक मुलीला किंवा बाईला.

बोलताना आपण सरळ आकडाच दोनदा म्हणतो : ‘दोन-दोन वह्या द्या.’ व्याकरणात हे पृथक्त्ववाचक संख्याविशेषण. ‘एक-एक’चे ‘एकेक’ होते. माणसे असतील तर ‘दोघे-दोघे बसा’, मुलींना ‘तिघी-तिघी’. पण ‘दोन-चार वह्या’ ही वाटणी नव्हे, तो नुसता अंदाज. आकडा तोच परत आला तरच वाटणी.

प्रमाण सांगायचे असेल तर ‘दर’ आणि ‘मागे’ यांची जोडी : ‘दर १० मुलांमागे १ पालक’. ४० मुलांना ४ पालक. ४३ आली तर? नियमातच लिहून ठेवा : ‘उरलेल्या मुलांसाठी आणखी १’. दररोज, दरमहा, दरवर्षी, दरडोई हे शब्द जोडून लिहायचे. ‘दर सोमवारी’ तोडून.

सर्वांत जास्त घोळ नळाच्या पाण्याच्या सूचनेत. ‘दिवसाआड’ म्हणजे मध्ये एक दिवस कोरडा : सोमवारी पाणी आले तर पुढचे बुधवारी. ‘दोन दिवसांआड’ म्हणजे मध्ये दोन दिवस कोरडे, म्हणून गुरुवारी. ‘दर दोन दिवसांनी’ मात्र कुणी बुधवार धरतो, कुणी गुरुवार. तिथे सरळ वारच लिहावेत. ‘दर दिवसाआड’मधला ‘दर’ फुकटचा.

‘गणिक’मध्ये बहुधा चढउताराची छटा असते. ‘वर्षागणिक ऊन वाढतंय’ नागपूरकराच्या तोंडी शोभते, पण ‘वर्षागणिक ५०० रुपये वर्गणी’ खटकते, तिथे ‘दरवर्षी’. ‘निहाय’ फक्त गट पाडते, सारखे वाटत नाही. नागपूर महापालिकेच्या १० झोनची ‘झोननिहाय यादी’ म्हणजे प्रत्येक झोनची वेगळी यादी. एकीत ५ नावे, दुसरीत ५० असली तरी शब्द बरोबरच.