खिशात ठेवायला घडीचा चाकू घेताय? आधी पात्याची जाडी बघा

घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की जो तो पहिलं विचारतो स्टील कुठलं घेऊ. माझं म्हणणं, आधी तुम्ही दिवसभरात कापता काय ते आठवा. माझी यादी सांगतो, कुरियरचे खोके, सुतळी, पेरू-सफरचंद, ट्रेकला गेलो तर काकडी कांदा, आणि गच्चीतल्या कुंड्यांमधल्या वाळक्या फांद्या. बस एवढंच. यातल्या एकाही कामाला लष्करी दिसणारा जाडजूड चाकू लागत नाही, लागतं ते पातळ पातं. मी पहिला घेतला तो चांगला ४ मिमी जाड होता, हातात घेतला की दणकट वाटायचा, पण सफरचंद कापायला गेलो की ते कापलंच जायचं नाही, अर्ध्यात कडकन फुटायचं, पाचर ठोकून ओंडका फोडतात ना तसं. धार होती हो, कागद सर्रकन कापायचा. पण धारेच्या मागेच लोखंड इतकं जाड की पुढे सरकणार कसं?

म्हणून पाठीकडे फार तर ३ मिमी जाडी आणि तिथून धारेपर्यंत सरळ निमुळतं होत गेलेलं पातं, हे सगळ्यात आधी बघा. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर हे याचं उत्तम उदाहरण, पातं साडेआठ सेंमी आणि पाठीला जेमतेम पावणेदोन मिमी, फळं तर अशी कापतो की सुरी विसराल. लांबी म्हणाल तर ७ ते साडेआठ सेंमी पुरते, म्हणजे आपली साधारण चार बोटं. आणि वजन १०० ग्रॅमच्या आत ठेवा, त्याहून जड झाला की पॅंटचा खिसा लोंबतो, मग आठवड्याभरात चाकू ड्रॉवरमध्ये आणि तुम्ही परत किल्लीने टेप फाडताय.

बजेट मी दीड ते चार हजार धरतोय. याच्या खाली पण मिळतात पण तिथे खटका, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारा लॉक, ढिला निघायची भीती असते आणि ते मी स्वतः भोगलंय, स्वस्तातला एक घेतला होता, खोका कापताना पाठीवर जरा दाब आला आणि पातं बोटावर मिटलं, तीन टाके पडले. चार हजारांच्या वर गेलात तर जास्तीचे पैसे महागडं स्टील आणि फिनिशिंगचे, हलक्या कामाला त्याचा फरक फारसा जाणवत नाही.

आता स्टील. नुसतं ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल तरी तेच, कारण ४४०ए आणि ४४०सी मध्ये कार्बनचा बराच फरक आहे आणि धार टिकते ती सी ची. या किमतीत ८सीआर१३एमओव्ही, ४४०सी, १४सी२८एन, डी२ ही नावं दिसतील. डी२ ची धार खूप टिकते, त्यामुळे ऑनलाइन सगळे तेच घ्या म्हणतात, पण त्यातलं गंज रोखणारं क्रोमियम बरंचसं कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकलेलं असतं म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाही. मुंबई-कोकणात राहता, दिवसभर घामाने खिसा ओला, वरून जून ते सप्टेंबर पाऊस, तर पुसायचं राहिलं की पात्यावर ठिपके पडणार. मी आपल्या हवेला १४सी२८एन सुचवेन, गंजत नाही सहसा आणि घरच्या घरी धार पण पटकन लागते. साधं कार्बन स्टील घ्यायचं मनात असेल तर आजीची लोखंडी विळी आठवा, कैरी चिरली की पातं काळं आणि फोडींना लोखंडाची चव, तेच इथे होणार. ओपिनेल घेतलात तर म्हणून इनॉक्स, म्हणजे स्टेनलेसचा घ्या, कार्बनचा नको. शिवाय त्याची मूठ लाकडी असते, पावसाळ्यात लाकूड फुगून पातं उघडायला घट्ट होतं, कोरड्या जागी ठेवलं की परत सुटतं.

खटक्याबद्दल जरा सविस्तर, कारण बोटं तुमची आहेत. लायनर लॉक सगळ्यात जास्त दिसतो, आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडामागे येऊन बसते. पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेतच येतो, त्यामुळे नवख्या माणसाला मी मुठीच्या पाठीवर दाबून सुटणारा बॅक लॉक किंवा आडव्या दांडीचा क्रॉसबार लॉक घ्या म्हणतो, क्रॉसबार डावखुऱ्यांनाही सोयीचा. आणि खटका नसलेला, नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभा राहणारा चाकू वाईट असं अजिबात नाही! स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स १८९७ पासून तसाच चालत आलाय, मिटल्यावर ९१ मिमी भरणारं कात्रीवालं मॉडेल घेतलं की ओपनर वगैरे पण मिळतं आणि ऑफिसात काढला तर कोणी दचकत नाही. फक्त त्याचं टोक कशात खुपसायचं नाही एवढं पथ्य.

हातात आला की तपासा. मिटलेला चाकू उलटा धरून हलकेच झटका, पातं आपोआप बाहेर आलं तर परत करा. उघडून पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा, खटखट जाणवायला नको. मग बोटं वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर दाबा, खटका सुटला तर तो चाकू ठेवूच नका, दुकानदार काहीही सांगो.

कायद्याचं पण माहीत असू द्या. शस्त्र नियमांत परवाना लागतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला, घरगुती-शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे आपला छोटा चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस ठरावीक दिवसांसाठी चाकू-लाठी बाळगायला बंदी घालू शकतात, अशी बंदी असेल तेव्हा घरीच ठेवा. बटण दाबलं की फटकन उघडणारे तर घेऊच नका. विमानात चेक-इन बॅगेत टाका, मेट्रोने जाणार असाल तर नेऊ नका, तिथे बॅग तपासतात.

देखभाल थोडीच आहे. फळ कापलं की धुऊन लगेच पुसायचा, बिजागरीत महिन्यातून एक थेंब तेल. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण त्याने खायचं कापत असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. धारेसाठी १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम दाण्याचा, एक दगड पुरे. कोन असा धरा: पातं दगडावर काटकोनात उभं करा, ते अर्धं झुकवा, मग परत अर्धं, की २२ अंशांच्या आसपास येतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखे फटके मारा. पहिले दोन-तीन वेळा घरातल्या जुन्या सुरीवर हात बसवा, नव्या पात्यावर नको.