आर्थिक दावा तपासताना आपला पक्ष बाजूला कसा ठेवायचा

१९८० साली अमेरिकेत महागाईचा दर १३.५ टक्के होता. रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांची कारकीर्द संपत आली तेव्हा, १९८८ मध्ये, तो ४ टक्क्यांच्या आसपास उतरला होता. त्या वर्षीच्या निवडणूक सर्वेक्षणात कट्टर डेमोक्रॅट मतदारांना विचारलं, की या काळात महागाई वाढली की घटली? निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, वाढली. लॅरी बार्टल्स या राज्यशास्त्रज्ञाने २००२ मध्ये हे समोर आणलं. पुढे डेमोक्रॅट अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात सरकारची तूट घटत असताना रिपब्लिकन मतदारांचंही असंच झालं. आपल्याकडे पेट्रोल, रुपया, हमीभाव आणि बेरोजगारी यांवरचे वाद याच वळणाने जातात.

शिकलेला माणूस यात फसत नाही, हा समज आधी सोडा. डॅन कहान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक तक्ता दिला. त्वचेचं क्रीम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांत हेच आकडे १०७ आणि २१. क्रीम लागू पडलं का? २२३ हा आकडा मोठा दिसतो, पण प्रमाण काढलं तर क्रीम लावलेल्यांत पुरळ वाढलेल्या दर एका माणसामागे साधारण तीन बरे झाले आणि न लावलेल्यांत पाच, म्हणजे क्रीमने उलट नुकसानच. गणित पक्कं असलेल्यांना हे बहुधा जमलं. मग तेच आकडे बंदूकबंदी आणि गुन्हेगारी या विषयाखाली मांडले, तेव्हा गणितात तरबेज असलेल्यांमध्येच पक्षानुसार सगळ्यात जास्त फूट पडली. संशोधकांच्या मते, उत्तर आपल्या बाजूचं दिसलं की ते तिथेच थांबत होते, विरुद्ध दिसलं की पुन्हा आकडेमोड करत होते.

दिलासा देणारी बाब म्हणजे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केल्यावर दोन्ही पक्षांच्या उत्तरांमधलं अंतर बरंच घटलं. म्हणजे पुष्कळांना खरं काय ते ठाऊक असतं किंवा निदान अंदाज असतो. पण प्रश्न विचारला की ते आपल्या बाजूचा झेंडा फडकवतात. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीसाठी आहे: पैसे पणाला लागले आहेत अशा रीतीने स्वतःला उत्तर द्यायला लावणं.

आकडा शोधण्याआधी लिहा

दावा एका वाक्यात कागदावर उतरवा. त्यात चार गोष्टी हव्यात: काय मोजलं, कुठलं, कधीपासून कधीपर्यंत, आणि कशाच्या तुलनेत. ‘महागाईने कंबरडं मोडलं’ किंवा ‘अर्थव्यवस्था सुसाट आहे’ यांत यातलं एकही नाही, त्यामुळे ते तपासताच येत नाहीत. त्याखाली लिहा: कोणता आकडा निघाला तर मी हे मत सोडेन? हे आधीच लिहायचं, कारण आकडा एकदा पाहिला की मन त्याला सोयीची कसोटी शोधून काढतं.

मग वाक्यातलं सरकार बदला. तोच आकडा, तीच वर्षं, फक्त सत्तेवर तुम्हाला नको असलेला पक्ष. आता मनात अचानक ‘पण जागतिक परिस्थितीही बघायला हवी’ असं येऊ लागलं, तर ती सबब दोन्ही सरकारांना सारखी लावा किंवा दोघांनाही लावू नका.

पेट्रोलवर हात बसवा

सरावासाठी याहून चांगला विषय नाही, कारण दोन्ही बाजूंचे लाडके दावे इथे तपासून पाहता येतात. पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन आणि विश्लेषण कक्ष, म्हणजे पीपीएसी, भारतीय बास्केटचे (भारत घेतो त्या कच्च्या तेलांचे सरासरी) भाव आणि दिल्लीतल्या पेट्रोलच्या किमतीची फोड प्रसिद्ध करतो. एका पिंपात १५९ लिटर असतात. २०१३-१४ मध्ये भारतीय बास्केटची सरासरी पिंपाला सुमारे १०५.५ डॉलर आणि डॉलर सुमारे ६०.५ रुपये होता. गुणून १५९ ने भागा: लिटरमागे साधारण ४० रुपयांचं कच्चं तेल. २०२०-२१ मध्ये सरासरी ४५ डॉलरच्या किंचित खाली आणि डॉलर ७४ च्या आसपास: २१ रुपये. म्हणजे तेल लिटरमागे १९ रुपयांनी उतरलं. याच काळात केंद्राचं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ९.४८ रुपयांवरून मे २०२० मध्ये ३२.९८ वर गेलं, वाढ साडेतेवीस रुपयांची. स्वस्ताई ग्राहकापर्यंत का पोहोचली नाही, ते या दोन आकड्यांत दिसतं.

आता ‘आधीच्या सरकारच्या ऑइल बाँडमुळे पेट्रोल महाग’ हा दावा घ्या. ऑइल बाँड म्हणजे त्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी दिलेले कर्जरोखे. या रोख्यांवरचं व्याज वर्षाला सुमारे १० हजार कोटी होतं. २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला मिळाले सुमारे ३.७२ लाख कोटी. रोखे खरे होते, त्यांचं ओझंही खरं होतं, पण ते या वसुलीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. दावा टिकत नाही.

आणि ‘क्रूड निम्मं झालं, मग पेट्रोल निम्मं का नाही?’ हाही टिकत नाही. मे २०१४ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७१ रुपयांच्या आसपास होतं आणि त्यात कच्चं तेल ४० चं. ते निम्मं झालं, तर वीस रुपये कमी होतील. शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन काही निम्मं होत नाही. शिवाय राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने जुलै २०२२ मध्ये तो कमी केला, तेव्हा पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरलं. फक्त केंद्राला किंवा फक्त राज्याला धरून बसलेला माणूस अर्धी पावतीच वाचत असतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एका महिन्याच्या किमतीला वर्षाची सरासरी जोडणं. मार्च २०२१ मध्ये दिल्लीत पेट्रोल ९१ रुपये होतं. त्याच्या शेजारी ४५ डॉलर लिहू नका, त्या महिन्यात बास्केट ६० डॉलरच्या वर होती.

सुरुवातीचं वर्ष हलवून पाहा

राजकारण आकडा खोटा क्वचितच करतं, सुरुवात मात्र नेहमी निवडतं. रुपयाची घसरण मे २०१४ पासून मोजली, तर सुरुवात ५८-५९ ला होते. ऑगस्ट २०१३ पासून मोजली, तर रुपया आधीच ६८ च्या पलीकडे गेलेला होता आणि घसरण बरीच कमी वाटते. दोन्ही आकडे खरेच. उपाय सोपा: सुरुवात एक वर्ष मागे आणि एक वर्ष पुढे सरकवा. निष्कर्ष तिन्ही वेळा तोच राहिला तरच पुढे जा. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक आकडेवारी-पुस्तकात जुन्या वर्षांची सलग मालिका मिळते. दोन बातम्यांमधले दोन सुटे आकडे जोडण्यापेक्षा ती वापरा.

मोजमाप कोणतं ते विचारा

‘खर्चाच्या दीडपट हमीभाव दिला’ आणि ‘दीडपट हमीभाव दिलाच नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी बरोबर असू शकतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून सरकार ज्यावर दीडपट धरतं तो खर्च ए-२ अधिक एफएल, म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेले पैसे आणि घरच्यांच्या मजुरीचं मोल. स्वामिनाथन आयोगाचा हवाला देणाऱ्या शेतकरी संघटना सी-२ मागतात. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं. सी-२ मोठाच निघतो. कोणता खर्च, हे ठरल्याशिवाय या वादात एक शब्दही बोलू नये.

बेरोजगारीचंही असंच. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीने दर ३.२ टक्के आणि चालू आठवड्याच्या स्थितीने ४.९ टक्के होता. सर्वेक्षण एकच. त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी व्यक्तीही कामावर धरली जाते. तिला रोजगार म्हणायचं का, हा प्रश्न जरूर विचारा, पण मग तो प्रत्येक सरकारच्या आकड्याला विचारा.

महाराष्ट्राच्या कर्जाचा आकडा ९ लाख कोटींच्या पुढे गेला म्हणून भीती वाटली, तर त्याला सकल राज्य उत्पन्नाने भागा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात ते प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास येतं. सत्ताधारी टक्केवारी सांगतात, विरोधक लाख कोटी. सत्ता बदलली की हे पाठांतरही अदलाबदल होतं. दोन्ही लिहा, आणि शेजारी व्याजावर महसुलाचा किती वाटा जातो तेही लिहा.

वस्तुस्थिती आणि पसंती वेगळ्या ओळीत

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली आणि ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. बंदीने लासलगावचा भाव किती पडला, हे बाजार समितीचे रोजचे दर सांगतात. शहरातल्या ग्राहकासाठी निफाडच्या शेतकऱ्याने तो तोटा सोसावा का, हे कोणताही दर सांगणार नाही. ते तुमचं मत आहे, आणि ते असायलाच हवं. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा आपण मत पक्कं करून मग भाव पडलेच नाहीत असं म्हणायला लागतो. म्हणून कागदाच्या दोन बाजू करा: डावीकडे मोजता येणारं, उजवीकडे पसंतीचं. उजवीकडचं वाक्य डावीकडे सरकलेलं दिसलं की परत हलवा.

शेवटी भाकीत करा. ‘हे धोरण घातक आहे’ असं नको. ‘पुढच्या ३१ मार्चपर्यंत अमुक मालिकेतला दर अमुक टक्क्यांच्या वर जाईल’ असं, तारखेसह. आपल्याला आवडणाऱ्या धोरणाबद्दल एक आणि नावडत्याबद्दल एक. समोरच्यालाही लिहायला सांगा. शक्य असेल तर शंभर रुपयांची पैज लावा. चारचौघांत किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर आकडा फेकून कुणाला खोटं पाडायला जाऊ नका, तिथे माणूस आकड्यापेक्षा अब्रू सांभाळतो. एकट्याला गाठा आणि आधी मोजमाप व सुरुवातीचं वर्ष दोघांनी मिळून ठरवा. एवढं ठरेपर्यंत अर्धा वाद बहुधा उरतच नाही. जो उरतो तो कागदाच्या उजव्या बाजूचा असतो, आणि त्यावर मनसोक्त भांडा.