घरी किट कार बनवायचीय? आधी एक जुनी ओम्नी शोधा

किट कार म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग (मागच्या चाकांना फिरवणारा अ‍ॅक्सल) जुन्या गाडीचं आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) व बॉडी आपली. इंग्लंडमध्ये १९५७ च्या लोटस सेव्हनच्या (पुढे इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना अशी हलकी उघडी दोन सीटची गाडी) आधीपासून लोक हे घरी करतायत, कारण तेव्हा तिकडे तयार गाडीवर टॅक्स लागायचा आणि सुट्या पार्टवर वाचायचा. आपल्याकडे पार्ट मिळतात पण नंबर मिळत नाही. नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत जाऊन एमएच १५ मागाल तर आधी टाइप अप्रूव्हल, म्हणजे गाडीचं मॉडेल तपासून पास केल्याचं प्रमाणपत्र, विचारतील, ते एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून घ्यावं लागतं आणि एका गाडीसाठी ते परवडणारं काम नाही. जुन्या आरसीवर नवीन बॉडी चढवू म्हणाल तर तेही विसरा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे गाडी स्वतःच्या मळ्यात चालवायची हे आधीच ठरवा, मग पुढचं सगळं सोपं जातं.

पार्टसाठी सगळे मारुती ८०० घ्या म्हणतात, मी नाही म्हणणार. ८०० चं इंजिन आडवं आणि ड्राइव्ह पुढच्या चाकांना. ओम्नीत तेच ७९६ सीसीचं तीन सिलेंडर इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि हाउसिंग, म्हणजे सेव्हन टाइप गाडीला लागतं तेच. शाळेच्या व्हॅनवाल्यांकडे विचारून ठेवा, त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या गाड्या निघत असतात. कार्ब्युरेटरवाली मिळाली तर वायरिंगची निम्मी डोकेदुखी गेली. आरसी रद्द झाल्याचा कागद मात्र हातात घेतल्याशिवाय गाडी कापू नका.

आता चेसिस, खरा खेळ इथेच आहे. २५ बाय २५ एमएमचा, १.६ एमएम जाडीचा चौकोनी पाइप घ्या. पाइप दिवाळीनंतरच आणा, नाशिकच्या पावसाळ्यात उघडा पाइप बघता बघता गंजतो आणि जूनच्या आत प्रायमर लागलाच पाहिजे. जाड प्लायचं सपाट टेबल करा, लेव्हल लावा, त्यावर पूर्ण साइजचं ड्रॉइंग काढा आणि पाइप त्याच रेषांवर ठेवून नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. मग दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन एमएमच्या वर असला तर टॅक तोडा, आळस करू नका, कारण पुढे चाकं वाकडी बसतात आणि मग कितीही अलाइनमेंट करा गाडी एका बाजूला ओढतच राहते. पूर्ण वेल्डिंग सीओटू (गॅसवाल्या वायर वेल्डिंग) मशीनने, एक जॉइंट इकडे तर पुढचा पार तिकडे, एकाच कोपऱ्यात सलग केलं की उष्णतेने फ्रेम पिळते. त्रिकोणी तिरपे सपोर्ट वाचवू नका, ताकद त्यातच असते. ब्रॅकेट आणि प्लेटा अंबड एमआयडीसीत लेझर कटिंगला टाका, ग्राइंडरने कापत बसण्यात अर्थ नाही.

ओम्नीत ड्रायव्हर इंजिनवर बसतो, इथे तो इंजिनच्या मागे येतो, म्हणून शाफ्टची लांबी बदलते, ती शाफ्टवाल्याकडूनच कापून बॅलन्स करून घ्या. पुढचे हब आणि स्टिअरिंगची रॅक एकाच गाडीची घ्या. सस्पेन्शनला ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे) नट. सीटबेल्टचं अँकर पत्र्यात नाही, पाइपला जाड प्लेट वेल्ड करून. जुन्या पेट्रोल टाकीला वेल्डिंग अजिबात नको, रिकामी असली तरी आतली वाफ पेटते.

पहिली राइड बॉडी न लावता, हेल्मेट घालून, पहिल्या गिअरमध्ये, आणि आधी नुसते ब्रेक मारून बघायचे. थोडं चालवून आलात की सगळे बोल्ट पुन्हा टाइट करा, बरेचसे ढिले झालेले सापडतील.